खालच्या सुराचा माणूस

मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर जॅक ब्रूस अर्धाच ऐकू येतो. गिटार येते, ड्रम येतात, त्याचं गाणंही येतं. पण त्याच्या हातातली बास गायब! मी आधी तसाच ऐकला आणि म्हणालो, ह्यात काय विशेष? मग एकदा तिसरी पाळी करून आलो आणि जयंती मंडळाच्या मोठ्या बॉक्सला मोबाइल जोडला. 'क्रीम'चं 'क्रॉसरोड्स' लावलं. छाती हादरली. रात्रभर मशीनची धडधड ऐकलेल्या कानाला तो खालचा सूर लगेच कळला.

बॅण्डमध्ये बासचं काम ठरलेलं. ताल धरायचा, दुसऱ्याला उभं करायचं आणि गप राहायचं. टाळ्या गिटारवाल्याला. ब्रूसनं हे कबूल केलं नाही. मला तो आवडतो तो ह्यासाठी.

१९४३ साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळ जन्मला. आईबापांच्या फिरतीत पोराच्या चौदा शाळा झाल्या. शिष्यवृत्तीवर संगीत अकादमीत चेलो शिकायला गेला. पोटासाठी जॅझ वाजवायचा, ते अकादमीला खपलं नाही. त्यानं अकादमीच सोडली. १९६२ ला लंडनमध्ये अलेक्सिस कॉर्नरच्या बॅण्डमध्ये उभी डबल बास वाजवू लागला. पुढं ग्रॅहम बॉण्डच्या बॅण्डमध्ये इलेक्ट्रिक बास हातात आली. तिथं ड्रमवाल्या जिंजर बेकरशी रोजची भांडणं. तक्रार काय, तर हा फार वाजवतो! म्हणजे आपली जागा सोडून बोलतो. १९६५ ला त्याला काढलं. १९६६ ला तोच बेकर एरिक क्लॅप्टनकडं नवा बॅण्ड काढायला गेला, तर क्लॅप्टन म्हणाला, ब्रूस पाहिजे. असा 'क्रीम' जन्मला.

आता त्याचा आवाज. गिब्सन ईबी-३ ही आखूड मानेची बास. तिच्या तारा तो बोटानं ताणायचा, गिटारवाले ताणतात तशा. मार्शलचे अॅम्प्लिफायर एवढे चढवायचा की सूर फाटायचा. गुळगुळीत नाही, घोगरा. घसा बसलेल्या माणसानं तरी बोलायचं सोडू नये, तसा.

'क्रॉसरोड्स'चं हे वादन १० मार्च १९६८ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलॅण्डमधलं. लोक त्यात क्लॅप्टनचे दोन सोलो ऐकतात. तुम्ही खाली ऐका. गिटार सुटली की ब्रूस मागं नुसता उभा राहत नाही. तिच्याशी वाद घालतो, वर चढतो, पुढं जातो, परत येतो. त्याचा सोलो एकट्याचा नाहीच. दुसऱ्याच्या सोलोखाली तो आपला सोलो वाजवतो, आणि तरी जमीन हलू देत नाही. चेलोवर शिकलेला माणूस आहे, त्याच्या बासला स्वतःची चाल असते.

सगळंच भारी आहे असं मी म्हणत नाही. त्याच रात्रीचं 'स्पूनफुल' सोळा मिनिटांच्या वर चालतं. मधे मधे तिघंही फक्त स्वतःचंच ऐकतात असं वाटतं. वर आलेल्या माणसाला हा धोका असतोच. १९६८ सालीच 'क्रीम' मोडलं.

तुम्ही विचाराल, गोऱ्याचं कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे. 'क्रॉसरोड्स' मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सनचं, त्यानं ते १९३६ ला रेकॉर्ड केलं आणि १९३८ ला सत्तावीस वर्षांचा असताना मेला. 'स्पूनफुल' विली डिक्सनचं. कापसाच्या रानात राबलेल्या काळ्या माणसांचा हा माल. ब्रूस ज्याला मानायचा तो जेम्स जेमरसन मोटाऊनची गाणी वर्षानुवर्षं आपल्या बासवर तोलत होता, आणि मोठ्या रेकॉर्डवर त्याचं नाव छापून यायला १९७१ उजाडलं. हा हिशेब मांडल्याशिवाय ब्रूसचं कौतुक करणं ही लबाडी आहे.

पण घेणं हा गुन्हा नाही. १९७२ ला आपणही पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या लढवय्यांकडून घेतलं, आणि उघड सांगून घेतलं. ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्या, आणि त्यात आपली भर घाला. ब्रूसनं भर घातली. २०१४ ला तो गेला. आता कुठलाही बासवाला 'फार वाजवतो' म्हणून खाली बसवायचा झाला, तर आधी ब्रूसला उत्तर द्यावं लागतं.

तेव्हा ब्रूस ऐका. मग जेमरसन ऐका. आणि मोठ्या बॉक्सवरच ऐका.