बाण खरा, पण पुरावा कुठे?

प्रतिकारक्षमतेच्या धड्यात एक आकृती हमखास असते : विषाणूचे प्रथिन, बाण, प्रथिनाचे तुकडे, बाण, पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला तुकडा आणि तो ओळखणारी टी पेशी. आकृती चूक नाही. पण त्यातला बाण कसा शोधला गेला, याबद्दल पुस्तके मौन पाळतात. आमची तक्रार तीच आहे.

पेशीत प्रथिने कापणारी विकरे अनेक. नेमके कोणते काम करते? एकाला रोखायचे आणि काय अडते ते पाहायचे. १९९४ मध्ये केनेथ रॉक, आल्फ्रेड गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी प्रोटिअसोम या विकरसंचाला रोखणारी द्रव्ये पेशींना दिली. ओव्हाल्ब्युमिन या अंड्यातल्या प्रथिनाच्या तुकड्याची मांडणी घटली.

एवढ्याने सिद्ध झाले का? नाही. घराचा मुख्य स्विच बंद केला की पंखाही थांबतो. पंख्याचे बटण कोणते, ते त्यावरून कळत नाही. ही द्रव्ये कॅल्पेन, कॅथेप्सिन या विकरांनाही रोखतात. म्हणून कमीअधिक प्रभावी रोधकांची तुलना करावी लागली. शिवाय, तयार तुकडाच पेशीत बनेल अशी सोय केल्यावर रोधक असतानाही तो मांडला गेला. म्हणजे मांडणी शाबूत होती, अडले होते ते कापणे. हा जोडप्रयोगच खरा पुरावा; पुस्तकात नेमका तोच नसतो.

आकृतीची दुसरी उणीव आपल्या जवळच दिसते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने गॅमा-डेल्टा टी पेशींचा अभ्यास केला. यांतील एक प्रमुख प्रकार प्रथिनाचे तुकडे नव्हे, तर फॉस्फेटयुक्त लहान रेणूंची चाहूल घेतो. झोलेड्रोनेट हे हाडांच्या विकारांवरचे औषध पेशीतले एक विकर रोखते, त्यामुळे असे रेणू साचतात. २०१० मध्ये या गटाने दाखवले, की अशा वर्गातल्या औषधाने संस्कारित स्तनकर्करोगाच्या पेशी या टी पेशी मारू शकतात. म्हणजे येथे विकर रोखल्याने ओळख थांबत नाही, वाढते!

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. फळ्यावर बाण काढला, की विद्यार्थ्यांना विचारावे : "हे विकर रोखले तर आणखी काय काय थांबेल? आणि ते नाही थांबले, हे कसे तपासाल?"