विकणाऱ्याची साक्ष : जुने लिलाव-कॅटलॉग कसे वाचावेत?

नाणी जमवणारे आपल्याला ठाऊक आहेत. पण प्राचीन नाण्यांच्या लिलावांचे जुने, दुर्मिळ कॅटलॉग जमवणारेही असतात. हा छंद आम्ही गंभीरपणे घेतो. मात्र त्यावर आमचा एक आक्षेपही आहे.

आधी त्याचं मोल पाहू. पॅरिसचे शल्यविशारद सॅम्युएल पोझी यांचा १९१८ मध्ये खून झाला. त्यांचा ग्रीक नाण्यांचा संग्रह १९२१ मध्ये ल्युसर्नला लिलावात निघाला आणि नाणी जगभर पांगली. तो संग्रह आज मुख्यतः कागदावरच एकत्र भेटतो. त्या काळी नाण्याचा नव्हे, त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचा फोटो काढत. धातूची चमक आड येत नसे. हातानं पाडलेल्या नाण्याची कड, चीर, सरकलेली छाप यांवरून तेच नाणं शंभर वर्षांनीही ओळखता येतं.

याला आता कायदेशीर वजनही आलंय. १९७० च्या युनेस्को करारानंतर ‘हे नाणं त्याआधीच बाजारात होतं’ याचा पुरावा मागितला जातो. सीझरच्या हत्येचं स्मरण म्हणून ब्रूटसनं पाडलेलं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनला ३० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. त्याच्या मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. असली कहाणी रचता येते. जुन्या छापील पानावर नाणं मागाहून घुसवणं फार कठीण.

पण म्हणून कॅटलॉगवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? नाही. शेवटी तो विकणाऱ्यानं लिहिलेला मजकूर आहे. ‘एका सद्गृहस्थाचा संग्रह’ म्हटलं की मालकाचं नाव झाकलं जातं. नाणं कुठं सापडलं, हे बहुधा नसतंच. फोटोचा मान देखण्या नाण्यांना. बाकीच्यांची एका ओळीत बोळवण.

आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीचंच घ्या. १९०६ मध्ये तिथं नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली छाप पुन्हा मारली होती. राज्य कुणाकडून कुणाकडे गेलं, हे त्या साठ्यानं सांगितलं, कारण तो साठा म्हणून नोंदला गेला. हीच नाणी सुटी सुटी लिलावात आली असती, तर ‘चांदीचं नाणं, स्थिती उत्तम’ एवढंच उरलं असतं.

आता आक्षेप. कोऱ्या करकरीत प्रतीला संग्राहक भाव देतात; आम्हाला मात्र पेन्सिलीनं खरडलेली प्रत मोलाची वाटते. समासात उतरलेली किंमत आणि खरेदीदाराचं नाव छापील मजकुरात नसतं. हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं असे कितीतरी कॅटलॉग ऑनलाइन खुले केलेत, पण तिथं दिसते ती त्यांच्याकडची प्रत. तुमच्या प्रतीचा समास वेगळा असतो. तेव्हा कपाटाला कुलूप लावण्याआधी त्या पानांचे फोटो काढा आणि अभ्यासकांना द्या, एवढंच आमचं मागणं.