वर्गणीदार आणि वाचक

संस्थेच्या नियतकालिकाचे यश बहुधा वर्गणीदारांच्या संख्येवरून ठरवले जाते. ही मोजपट्टी फसवी आहे. वर्गणी पुष्कळदा निष्ठेपोटी, क्वचित धर्मगुरूंच्या शब्दाखातर दिली जाते. अंक मात्र न उघडताच रद्दीत जातो. सभासदाचा वाचक व्हावा यासाठी त्याला काय द्यावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला तो अहमदनगरहून. फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०३ साली ‘निरोप्या’ काढला तो राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून. पहिले पत्र प्रोटेस्टंट बंधूंचे, दुसरे आपले. ‘ज्ञानोदया’ने धर्मविचाराशेजारी विज्ञानाला व समाजसुधारणेला जागा दिली, पुढे १९१२ पासून त्याचा मराठी विभाग रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीच्या हाती सोपवला. मिशनचे मुखपत्र मराठी साहित्याच्या इतिहासात राहिले, त्यामागे ही निवडही आहे.

‘निरोप्या’चे धोरण त्याच्या नावातच आहे. निरोप आणणाऱ्याला दार ठोठवावे लागते आणि घरच्यांना कळेल असेच बोलावे लागते. फ्रान्समध्ये फादर रामिएर यांनी १८६१ साली प्रार्थनेच्या प्रेषितकार्यातील सभासदांसाठी याच अर्थाच्या नावाचे मासिक काढले होते. त्या परंपरेत सभासदाला महिन्याचा प्रार्थनाहेतू मिळतो. मासिक मिटल्यावरही त्याच्यापाशी करण्यासारखे काही उरते. हे मर्म मला फार मोलाचे वाटते.

या कसोटीवर आपली आजची पॅरिश-पत्रे उणी पडतात. सत्कार, उद्घाटने, व्यासपीठावरील मान्यवरांची नामावली आणि छायाचित्रे यांनीच पाने भरतात. कार्यवृत्त नको, असे मुळीच नाही. जन्म, विवाह, निधन यांच्या नोंदी हीच समाजाची स्मृती होय. परंतु हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे वृत्त दोन प्रकारे लिहिता येते. मिस्सा कोणी अर्पण केला आणि भाषणे कोणाची झाली, हे सांगून ते संपवता येते. किंवा एखादी म्हातारी कोणता नवस उरात घेऊन तिथवर आली, हे तिलाच विचारून लिहिता येते. पहिले वृत्त ज्यांची नावे छापली गेली तेवढेच वाचतात. दुसरे त्या म्हातारीची नात मोठ्याने वाचून दाखवील.

आपली मुले इंग्रजी शाळांत जाऊ लागली असताना घरात येणारे हे पत्रच कित्येक कुटुंबांत मराठी श्रद्धाभाषेचा अखेरचा धागा आहे. तो अहवालांच्या भाराने तुटू देणे आपल्याला परवडणारे नाही. अंक छपाईला देण्यापूर्वी संपादकांनी एवढेच स्वतःला विचारावे: आज कोणत्या घरी, कोणता निरोप पोहोचणार आहे?