गणपतराव देशमुख : विक्रम आणि साधेपणा यांच्या पलीकडे

प्रस्तावना

शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते गणपतराव देशमुख हे सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर अकरा वेळा निवडून आले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी विपुल लेखन झाले. या लेखनाचे स्वरूप पाहिले असता दोनच मुद्दे वारंवार पुढे येतात. पहिला, त्यांच्या निवडणूक-विजयांचा विक्रम आणि दुसरा, एस.टी.ने प्रवास करणारा निष्कलंक लोकप्रतिनिधी ही त्यांची प्रतिमा. हे दोन्ही मुद्दे आदरापोटी आलेले आहेत. तथापि, केवळ त्यांच्याच आधारे केलेले मूल्यमापन एका राजकीय जीवनाला व्यक्तिगत सदाचाराच्या चौकटीत बंदिस्त करते. देशमुखांचे खरे कर्तृत्व आणि त्यांच्या राजकारणाची खरी मर्यादा या चौकटीबाहेर शोधावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विक्रमाची चिकित्सा

सर्वाधिक वेळा निवडून आलेले देशातील आमदार, असा देशमुखांचा उल्लेख वृत्तपत्रांतून अनेकदा झाला. हा दावा वस्तुस्थितीस धरून नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले. केरळमध्ये के. एम. माणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा निवडणुका जिंकल्या. महाराष्ट्रापुरता देशमुखांचा विक्रम निर्विवाद आहे आणि तेवढाही पुरेसा गौरवास्पद आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, विजयांच्या आकड्यामुळे त्यांचे पराभव झाकले जातात. १९६२ व १९६७ मध्ये विजयी झालेले देशमुख १९७२ मध्ये पराभूत झाले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा सभागृहात आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग विजय मिळाले. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या १९२ मतांनी हरले. १९९९, २००४, २००९ व २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा विजय मिळविला. म्हणजे सांगोला हा वारशाने लाभलेला बालेकिल्ला नव्हता, तर दर निवडणुकीत नव्याने मिळवावा लागणारा विश्वास होता. पराभवानंतर पक्ष बदलण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण तो त्यांनी स्वीकारला नाही. पक्षांतर नित्याचे झालेल्या काळात या दोन पराभवांचे महत्त्व अकरा विजयांइतकेच आहे.

साधेपणाच्या प्रतिमेची मर्यादा

देशमुखांच्या साधेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या साधेपणाच्या गौरवीकरणावर. लोकप्रतिनिधीने सार्वजनिक वाहनाने प्रवास करणे हा अपवाद म्हणून गौरविला जातो, तेव्हा गौरव करणारा समाज इतरांविषयीची आपली अपेक्षा नकळत कमी करीत असतो. शिवाय साधी राहणी ही सर्व पक्षांना सोयीची प्रशंसा असते. तिच्यामुळे संबंधित नेत्याच्या विचारांशी सहमत वा असहमत होण्याची जबाबदारी टळते. २०१२ मध्ये विधिमंडळातील पन्नास वर्षांबद्दल त्यांचा सत्कार झाला. ज्या व्यवस्थेविरुद्ध ते बहुतांश काळ विरोधी बाकांवरून बोलले, त्याच व्यवस्थेने त्यांना आदर्श ठरविले. मात्र त्यांच्या मागण्यांवर त्या प्रमाणात चर्चा झाली नाही.

देशमुखांची कारकीर्द प्रामुख्याने विरोधी पक्षाची आहे. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या आणि १९९९ च्या आघाडीच्या सरकारात त्यांनी मंत्रिपद सांभाळले, परंतु हे दोन्ही कालखंड अल्प होते. १९७२-७३ च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी दुष्काळी कामांवरील मजुरांचे लढे उभारले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे पुलोद सरकारच्या काळात, अमलात आला. मदत ही सरकारची कृपा नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. देशमुखांचे राजकारण याच तत्त्वाच्या परंपरेतील होते. त्यांना केवळ सज्जन आमदार म्हणणे म्हणजे ही परंपरा विसरणे होय.

दुष्काळी तालुक्यातील संस्थाकारण

सांगोला हा अवर्षणप्रवण तालुका आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सत्तेचे प्रारूप ऊस, साखर कारखाना आणि जिल्हा बँक या त्रयीवर उभे राहिले. पाणी नसलेल्या तालुक्याला हे प्रारूप उपलब्ध नव्हते. त्यामुळे सांगोल्यात सहकाराने वेगळे वळण घेतले. कापसाच्या पट्ट्याबाहेरील या तालुक्यात देशमुखांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. महिलांसाठी स्वतंत्र सहकारी सूतगिरणीही स्थापन झाली. कोरडवाहू कुटुंबाला शेतीबाहेरचे उत्पन्न मिळवून देण्याचा हा प्रयत्न होता.

पाण्याच्या प्रश्नावरील त्यांची भूमिका अधिक मूलगामी होती. १९९० च्या दशकात क्रांतिवीर नागनाथ अण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने आटपाडी येथील पाणी परिषदांतून समन्यायी पाणीवाटपाची चळवळ आकारास आली. देशमुख या चळवळीच्या प्रमुख नेत्यांपैकी होते. कृष्णेचे पाणी लाभक्षेत्रातील मोजक्या शेतकऱ्यांना भरपूर देण्याऐवजी दुष्काळी तालुक्यांतील प्रत्येक कुटुंबाला किमान हिस्सा म्हणून मिळावे, अशी तिची मागणी होती. टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी सांगोल्यासारख्या भागाकडे वळविण्याच्या प्रयत्नांमागे हा दबाव होता. आमदाराने आपल्या तालुक्यासाठी पाणी मागणे स्वाभाविकच असते. येथे मात्र वाटपाच्या निकषालाच आव्हान दिले गेले. या भूमिकेचा सविस्तर अभ्यास होणे आवश्यक आहे.

पक्ष आणि मतदारसंघ

या कारकिर्दीची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदींनी स्थापन केलेल्या शेतकरी कामगार पक्षाने दाभाडी प्रबंधाद्वारे मार्क्सवादी भूमिका स्वीकारली होती. १९६७ मध्ये या पक्षाचे १९ आमदार होते. १९७८ मध्ये ही संख्या १३, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५ आणि २०१४ मध्ये ३ झाली. ज्या काळात देशमुखांचे विजय वाढत गेले, त्याच काळात त्यांचा पक्ष आकसत गेला. या ऱ्हासाचा दोष एका व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. काँग्रेसने सहकारी संस्थांच्या माध्यमातून ग्रामीण नेतृत्व सामावून घेतले, पक्षाचे अनेक नेते बाहेर पडले आणि १९९० नंतर अस्मितेच्या राजकारणाने शेतकरी-कामगारांची वर्गीय भाषा मागे ढकलली.

तरीही एक प्रश्न उरतो. सांगोल्यात यशस्वी झालेला प्रयोग शेजारच्या दुष्काळी तालुक्यांत पक्षाचा आधार का बनू शकला नाही? याचे एक संभाव्य उत्तर असे की, मतदाराची निष्ठा विचारापेक्षा ‘आबां’च्या व्यक्तिमत्त्वाशी जोडली गेली. व्यक्तीवरील विश्वास दुसऱ्या मतदारसंघात नेता येत नाही, कार्यक्रम मात्र नेता येतो. २०१९ मध्ये देशमुख निवडणुकीच्या रिंगणाबाहेर राहिले, तेव्हा उमेदवारी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना मिळाली. शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून त्यांचा ७६८ मतांनी पराभव झाला. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी हा मतदारसंघ परत मिळविला. त्या निवडणुकीत पक्षाला राज्यात मिळालेली ही एकमेव जागा होती. घराणेशाहीपासून दूर असलेल्या नेत्याचा वारसाही अखेर कुटुंबातच शोधला गेला. हा दोष कुटुंबाचा कमी आणि दुसरी फळी घडवू न शकलेल्या पक्षसंघटनेचा अधिक आहे.

निष्कर्ष

गणपतराव देशमुख यांच्या जीवनातून निघणारा बोध दुहेरी आहे. सत्तेबाहेर राहूनही लोकप्रतिनिधी दुष्काळी प्रदेशात संस्था उभारू शकतो, पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न मांडू शकतो आणि पराभवानंतरही पक्षनिष्ठा टिकवू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वेळी, व्यक्तीची विश्वासार्हता कितीही मोठी असली तरी ती संघटनेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांच्या पक्षाच्या वाटचालीतून स्पष्ट होते. विक्रम आणि साधेपणा यांतच रमणारे गौरवलेखन या दोन्ही बोधांपासून अभ्यासकांना वंचित ठेवते. विधानसभेतील त्यांची भाषणे, सूतगिरण्यांचे कामकाज आणि पाणी परिषदांचे ठराव या साधनांच्या आधारे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या अभ्यासकांनी या कारकिर्दीचा एकत्रित अभ्यास केल्यास गौरवाची जागा आकलनाला घेता येईल.