संतापाचा मालक कोण?

ज्युलियन टेंपल यांचा ‘द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल’ हा 1980 सालचा चित्रपट पाहताना एक प्रश्न सतत टोचत राहतो. ज्यांचा संताप पडद्यावर दिसतो, त्यांना तो स्वतःच्या तोंडाने का सांगू दिला जात नाही? लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या कुप्रसिद्ध पंक वाद्यवृंदाची ही कथा सांगतो तो त्यांचा व्यवस्थापक, माल्कम मॅक्लारेन. अफरातफर करणाऱ्याच्या भूमिकेत तो स्वतःच पडद्यावर येतो आणि जगाला कसे लुबाडावे याचे दहा धडे देतो. त्याच्या लेखी ही पोरे म्हणजे कच्चा माल. वाजवता न येणारी पोरे त्याने उचलली, त्यांची बदनामी बाजारात आणली आणि कंपन्यांकडून पैसा काढला. इएमआयने ऑक्टोबर 1976 मध्ये 40 हजार पौंडांचा करार केला आणि जानेवारीत मोडला. एअँडएमचा करार तर आठवडाभरही धड टिकला नाही. हे सारे घडलेले आहे आणि मॅक्लारेन ते रंगवून सांगतो. हसू येते.

परंतु गायक जॉनी रॉटन, म्हणजे जॉन लायडन, या कथेत कुठे आहे? त्याने या चित्रपटात काम करण्यास नकार दिला. तो दिसतो तो केवळ जुन्या चित्रीकरणात. आयरिश स्थलांतरित कामगाराचा हा मुलगा. गीतांतले बहुतेक शब्द त्याचे. 1977 साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना बीबीसीने ज्या गाण्यावर बंदी घातली, त्यातले शब्दही त्याचेच. चित्रपट मात्र सांगतो की बोलविता धनी दुसराच होता. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा आहे. आपण चिडून बोललो की यांना कोणी शिकवून पाठवले, असे विचारले जाते. वेदना आमची, पण तिची बुद्धी मात्र दुसऱ्याची! दलित साहित्यावर ‘आक्रस्ताळे’ असा शिक्का मारणाऱ्या समीक्षेच्या मुळाशीही हाच अविश्वास होता.

म्हणून या पोरांना आपले भाऊबंद ठरवण्याची घाई मी करणार नाही. त्यांच्या वाट्याला दारिद्र्य होते, अस्पृश्यता नव्हती. शिवाय याच चित्रपटात सिड व्हिशस छातीवर नाझी स्वस्तिक मिरवत पॅरिसच्या रस्त्यांतून फिरतो आणि ज्यूंच्या छळछावणीवर थट्टेचे गाणे होते. लाखो माणसे जाळली गेली त्या खुणेचा वापर निव्वळ लोकांना डिवचण्यासाठी करणे, याला मी विद्रोह म्हणणार नाही. विद्रोहाला शत्रू नेमका ठाऊक असतो. जो नकार कोणावरही थुंकतो, तो विकायला सोपा जातो. मॅक्लारेनने हे अचूक हेरले. त्याच्या लबाडीपेक्षा मला त्याची ही समज अधिक भयंकर वाटते. सिड फेब्रुवारी 1979 मध्ये अमली पदार्थाने मेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी चित्रपट झळकला, त्यात तोही माल म्हणून होताच.

चित्रपटाचे श्रेय एवढेच, की त्यातली मैफलींची दृश्ये निवेदकाला खोटे पाडतात. रॉटन वाकून, डोळे वटारून गातो तेव्हा तो कोणाची बाहुली आहे असे क्षणभरही वाटत नाही. संकलनाला ती नजर पुसता आलेली नाही.

पुढे लायडन न्यायालयात गेला. 1986 साली तडजोड होऊन मिळकतीचे आणि या चित्रपटाचेही हक्क वादकांकडे व सिडच्या वारसाकडे आले. त्यानंतर 2000 साली याच टेंपल यांनी ‘द फिल्थ अँड द फ्युरी’ काढला. त्यात वादक स्वतः बोलतात, चेहरे अंधारात ठेवून. सिडविषयी बोलताना लायडनचा आवाज फुटतो आणि तो रडू लागतो. मॅक्लारेनच्या दहा धड्यांत या रडण्याला कुठेच जागा नव्हती.