सर्वांत वरचा ओला ठिपका

दहावीला कवितेचं रसग्रहण तीन मुद्द्यांत लिहायचं असतं : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. हेच तीन मुद्दे हातात घेऊन मी इथे कवितेऐवजी एक काम वाचणार आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाडीचा गळका पॉवर स्टिअरिंग पंप काढून नवा बसवणं, हे ते काम. जागा जबलपूरची, रांझीच्या बाजूचं एक साधं गॅरेज. मिस्त्री तिथल्याच वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले. काम अर्ध्या दिवसाचं, आणि त्यातलाही मोठा भाग पाना हातात न घेता झालेला.

आधी कृतीची ओळख. ऑक्टाव्हिया आरएस भारतात 2004 मध्ये आली. युरोपातल्या तिच्या बहिणीचं इंजिन 180 अश्वशक्तीचं, आपल्याकडे आलेलं 150 चं. 1.8 लिटर, टर्बो, पेट्रोल. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ती जुळवली गेली. त्या काळात तिच्या किमतीत इतकी चपळ गाडी दुसरी मिळणं कठीण होतं, म्हणून हौशी लोकांनी ती वीस वर्षं सांभाळली. आता सांभाळलेल्या प्रत्येक गाडीचं रबर म्हातारं झालं आहे.

जबलपूरला अशा गाडीचं अप्रूप वाटतं, पण भीती वाटत नाही. इथे 1904 पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि 1969 पासून वाहन कारखाना. जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक आणि निसान पॅट्रोलवरून घडवलेली जोंगा या शहराने सैन्याला दिली. जोंगा हे नावच जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडी कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. ज्या वस्तीत घरटी एक फिटर, टर्नर किंवा तपासनीस सापडतो, तिथे गाडीखालचा तेलाचा डाग पाहून कुणी चटकन नवा भाग मागवत नाही. आधी बसून बघतात.

आता आशय. या पंपाला वेन पंप म्हणतात. अंडाकृती कड्यात एक गोल रोटर फिरतो. रोटरला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पोलादी पातं मोकळं सरकतं. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जातात आणि कड्याच्या भिंतीला घासत राहतात. दोन पात्यांमधली जागा एका फेरीत दोनदा फुगते, दोनदा आकसते. फुगताना तेल आत ओढलं जातं, आकसताना दाबून बाहेर. दाबाच्या जागा दोन आणि त्या समोरासमोर असल्यामुळे एकीचा धक्का दुसरी खाऊन टाकते, मधल्या दांड्यावर एका बाजूचा ताण येत नाही. हा तोल हॅरी व्हिकर्स या अमेरिकी अभियंत्याने 1925 मध्ये साधला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस डेव्हिसने पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर तेलाच्या दाबाचं स्टिअरिंग चालवून दाखवलं. बाजारातल्या मोटारीत ते यायला मात्र 1951 उजाडलं. क्रायस्लरने ते आपल्या इम्पीरियलला दिलं.

टायरमधल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं तर या मुठीएवढ्या पंपातून निघणारं तेल शंभर बारच्या आसपास जातं. बोटभर जाडीच्या पाइपात एवढा दाब खेळवायचा आणि चालकाच्या हाताला त्याची चाहूलही लागू द्यायची नाही, हा या रचनेचा आशय. मदत मिळते, पण मदत करणारा दिसत नाही.

काव्यसौंदर्य कुठे आहे? माझ्या मते ते एका विरोधाभासात आहे. पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी पार्किंगमध्ये लावताना चाकं जागच्या जागी वळवायची असतात, म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त. पण तेव्हा इंजिन 800 फेऱ्यांवर असतं, पंप सर्वांत मंद. उलट सिवनीकडे मोकळ्या रस्त्याला लागलात, काटा 5000 च्या पुढे गेला, की पंप सर्वांत जोरात फिरतो आणि तेव्हा मदत जवळपास नकोच असते. जास्त मदत झाली तर स्टिअरिंग पोकळ वाटेल, गाडी भरकटेल. गरज आणि ताकद यांची वेळ कायम चुकलेली. रचनाकाराने पंपाच्या पोटात एक छोटी स्प्रिंगवाली झडप बसवली. ठरावीक प्रवाहापेक्षा तेल जास्त झालं की ती सरकते आणि जास्तीचं तेल परत पंपाच्या तोंडाशी सोडते. वेगाबरोबर तेल वाढवणाऱ्या यंत्राच्या आतच त्या वाढीला आवर घालणारी ही झडप नसती, तर जोरात धावणाऱ्या गाडीला हा पंप देताच आला नसता.

गळतीचं मूळही याच वेगात आहे. जोरकस गाडीत इंजिन वरच्या फेऱ्यांवर जास्त राहतं. झडप जास्तीचं तेल पुन्हापुन्हा आतल्या आत फिरवते आणि ते तापतं. टर्बोने आधीच तापलेलं इंजिनघर, त्यात जबलपूरचा मे महिना. तापल्या तेलात दांड्याभोवतीच्या ऑइल सीलचं रबर कडक होतं. सीलची ओठासारखी कड दांड्याला अलगद चिकटून राहण्यावर सगळा खेळ असतो. कड कडक झाली की एक तर ती फाटते, नाही तर दांड्यावर बारीक खाच पाडते. मग गाडी उभी असताना तेल थेंबाथेंबाने बाहेर येतं. आणि चालू असताना? बहुतेक पंपांत सीलच्या मागची बाजू ओढीची, कमी दाबाची. त्यामुळे जिथून तेल बाहेर येतं तिथूनच हवा आत शिरते. हवा शिरली की तेलाला फेस येतो, पंप कण्हू लागतो, स्टिअरिंग मधेच जड होतं. म्हणूनच डाग लहान असतानाही तक्रार मोठी असू शकते.

इथवर रचना झाली. मिस्त्रींचं काम इथून पुढे सुरू होतं आणि मला रसग्रहण खरं तर त्याचंच करायचं आहे.

गाडी आली तेव्हा पंप चिंब ओला होता. कुणीही म्हणेल, पंप गेला. मिस्त्री तसं म्हणाले नाहीत. तेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, पट्टा ते भिरकावतो, पंख्याची हवा ते मागे पसरवते. सर्वांत ओली जागा म्हणजे तेल जमल्याची जागा. निघाल्याची असेलच असं नाही. या इंजिनघरात तेलाची बाटली पंपाच्या वर असते. बाटलीखालच्या नळीची क्लिप सैल झाली, तर तेल ओघळून नेमकं पंपावर येतं आणि निर्दोष पंपाला शिक्षा होते. तीच गोष्ट दाबाच्या पाइपची. त्याचं रबर आणि धातू जिथे चेपून जोडलेले असतात, तिथूनही तेल पाझरतं. म्हणून मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते धुण्याचं. सगळा भाग धुऊन, हवा मारून कोरडा केला. बाटलीत खुणेपर्यंत तेल भरलं, इंजिन चालू केलं, स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत बसले. बाटली कोरडी, नळी कोरडी, पाइपचा जोड कोरडा. पुलीच्या मागे, दांड्याशी, एक चकचकीत रेघ उमटली आणि हळूहळू खाली वाढली. सर्वांत वरचा ओला ठिपका सापडला. आता पंप दोषी, आणि तेही नक्की कुठल्या कलमाखाली ते ठाऊक.

उकलण्याचा क्रमही वाचण्यासारखा आहे. पुलीचे बोल्ट पट्टा काढण्याआधी सैल करायचे. पट्टा ताणलेला असेपर्यंत पुली जागेवर धरून ठेवतो. पट्टा आधी काढला तर पुली पान्याबरोबर फिरत राहते आणि माणूस चिडतो. जो भाग काढायचा आहे त्यालाच आधी मदतीला घ्यायचं, ही युक्ती मोठी देखणी. मग टेन्शनर दाबून पट्टा उतरवायचा, पण त्याआधी त्यावर खडूने फिरण्याच्या दिशेचा बाण काढायचा, कारण वापरलेला पट्टा उलटा बसवला तर लवकर मरतो. इथे तर तो तेलाने भिजलेला होता, म्हणून बदलायचंच ठरलं. याच पट्ट्यावर अल्टरनेटरही चालतो. भिजलेला पट्टा घसरला तर स्टिअरिंगचं दुखणं बॅटरीपर्यंत जातं. शेवटी दाबाच्या पाइपचा पोकळ बोल्ट, ओढीची नळी, पंपाचे बोल्ट. पंप हातात.

जुना पंप टेबलावर आल्यावर एक प्रश्न उभा राहिला, आणि तो खास जबलपुरी होता : सील किट टाकून हाच चालवायचा की नवा घ्यायचा? किट स्वस्त, आणि इथे लेथवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली. मिस्त्रींनी दांडा पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. दांड्याला खाच पडली असेल तर नवं सीलही तिथे टिकत नाही. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जो निकाल गेजने लागतो, तो इथे नखाने लागला. नख अडकलं नसतं तर त्यांनी किटच टाकलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक एका खाचेएवढा असतो.

बसवताना मन रमतं ते सफाईत. मरणारा पंप स्वतःच्या धातूची भुकटी तेलात सोडून जातो. ते तेल तसंच ठेवून नवा पंप बसवला, तर जुन्याचं दुखणं नव्याला लागतं. म्हणून परतीची नळी सोडून जुनं तेल डब्यात काढलं, स्वच्छ तेलाने सगळा मार्ग धुतला. पोकळ बोल्टाची दोन्ही वायसर नवी घातली, कारण एकदा चेपलेलं वायसर दुसऱ्यांदा तितकं चेपत नाही. आणि तेल हिरवंच, या गाडीसाठी सांगितलेलं. दुकानात सहज हाती येणारं लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, यात घातलं तर रबर लवकर खराब होतं. नवा पंप बसवण्याआधी त्यात तेल ओतून दांडा हाताने फिरवला. कोरड्या पात्यांनी पहिली फेरी घेऊ नये म्हणून.

उत्कर्षबिंदू यापुढे येतो, आणि तो चालू इंजिनचा नाही. पुढची चाकं जॅकवर उचललेली, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा. दरवेळी बाटलीत बुडबुडे येतात, पातळी उतरते, थोडं तेल घालायचं. घाईने इंजिन चालू केलं तर हवेचा चुरा होऊन ती तेलात मिसळते आणि मग फेस बसायची वाट बघत बसावं लागतं. बुडबुडे थांबले, मग इंजिन. तेव्हाही स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. मिस्त्री या वेळात काहीच करत नव्हते, फक्त बाटलीत बघत होते. आणि सगळ्या कामाचं यश त्या न करण्यात होतं.

राहिला तिसरा मुद्दा, भाषेचा. या कृतीची भाषा आवाज, रंग आणि स्पर्श यांची आहे. थंड इंजिनवर स्टिअरिंग वळवताना येणारं कण्हणं हवेचं, सकाळची किंकाळी घसरत्या पट्ट्याची. बाटलीतलं तेल दुधट दिसलं तर फेस, करडं चमकदार दिसलं तर धातू. कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका हे सगळं आज्ञार्थी छोट्या वाक्यांत सांगते. पण पुस्तिका असं गृहीत धरते की कुठला भाग बदलायचा ते तुम्हाला आधीच कळलेलं आहे. ते कळण्याचा धडा पुस्तिकेत सापडत नाही. तो मिस्त्रीकडेच शिकावा लागतो.

रसग्रहणात दोषही सांगावेत. हा पंप गाडी सरळ रेषेत जात असतानाही फिरतो आणि इंजिनची थोडी ताकद फुकट खातो. म्हणून नव्या गाड्यांनी तो टाकून विजेचं स्टिअरिंग घेतलं. त्यात ना तेल, ना सील, ना गळती. दुसऱ्या टोकाला आमची जोंगा. तिला सैन्यात असताना पॉवर स्टिअरिंगच नव्हतं, 3.9 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनची ती धिप्पाड गाडी जवानांनी खांद्याच्या बळावर वळवली. 1999 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि आता लिलावात ती घेणारे हौशी लोक तिला हौसेने पॉवर स्टिअरिंग बसवून घेतात. म्हणजे ज्या गाडीला गळायला काही नव्हतं, तिच्याही खाली आता तेलाचा डाग पडू शकतो. सोय हवी तर तिचं रबरही सांभाळावं लागतं.

माझा निवाडा असा : या कामातला पंप बदलण्याचा भाग चांगला, पण दुय्यम आहे. नवा पंप पैसे टाकले की मिळतो. अव्वल भाग आहे धुऊन, कोरडं करून, वरून खाली बघण्याचा. तो विकत मिळत नाही आणि बिलात त्याची वेगळी ओळही नसते. तुमच्या गाडीखाली उद्या तेल दिसलं आणि कुणी लगेच पंप बदलायला सांगितलं, तर त्याला एवढंच म्हणा : आधी धुवा, आणि सर्वांत वरचा ओला ठिपका मला दाखवा. दाखवला तर पंप खुशाल बदला. आणि त्या बघण्याचे पैसे मजुरीत मागितले, तर घासाघीस करू नका.