कट्यारीचे वजन

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर आमच्या नागपूरचे, म्हणून आम्हां भिवापूरकरांना त्याचा अंमळ अधिकच अभिमान. त्याविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक गाण्याविषयी. अभिषेकींच्या चाली नि वसंतराव देशपांड्यांचा गळा असल्यावर दुसरे काय होणार! मला मात्र त्यातल्या कट्यारीविषयी लिहायचे आहे. राजगायकाला ती मानाची म्हणून मिळते, आणि तिने केलेला एक खून माफ असतो.

गेल्या वर्षी शाळेच्या संमेलनासाठी आम्ही शेवटचा प्रवेश बसवला. कट्यार पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. खाँसाहेब झालेला मुलगा ती पंख्यासारखी हलवी नि सारा वर्ग हसे. अखेर मी गावातल्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो.

“बाबाजी, एक कट्यार करून द्याल?”

“लग्नाची का जी, गुरुजी?”

नवरदेवाच्या हाती लिंबू टोचून देतात, तीच त्यांच्या ओळखीची. मी पाटीवर चित्र काढले : दोन बाजूंना समांतर दांड्या, मधे मुठीच्या आडव्या पट्ट्या, पुढे रुंद, टोकाला निमुळते होत गेलेले पाते. बाबाजींनी ते बराच वेळ पाहिले.

“आठ दिवस लागतीन. अन् धार नाही लावणार. पोरायच्या हाती धार देत नाही मी.”

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून त्यांनी पाते घडवले, मुठीवर पितळेची चार फुले बसवली. ती कट्यार हाती आली आणि तालमीत कोणी हसले नाही. उगारलेला हात वजनाने थरथरला, मग सावकाश खाली आला.

तेव्हा मला हा प्रवेश प्रथमच कळला. सदाशिवचे गाणे ऐकून खाँसाहेब थांबतात. पण ज्या हाताला खून माफ आहे त्याचे थांबणे जड असले पाहिजे. पुठ्ठ्याच्या कट्यारीने दिलेले जीवदान पुठ्ठ्याचेच वाटते. आपल्या हौशी मंडळ्या गाण्यासाठी महिनोन्‌महिने खपतात, नि कट्यार आदल्या रात्री कात्रीने कापतात, हे बरे नव्हे.

आणखी एक. ‘विद्या अडवून ठेवू नये’ हे नाटकाचे सांगणे खरे. पण ते एवढ्यावर संपत नाही. मी बाबाजींना विचारले, “ही विद्या कोणाला देणार?”

ते हसले. “मी तं तयार हाय, गुरुजी. चोराले तरी कोणी याव!”

खाँसाहेबांच्या दाराशी सदाशिव निदान लपून तरी बसला होता. या भात्यापाशी तोही नाही. तेव्हा वाचकहो, दिवाळीनंतर घरी लग्न निघाले तर पत्र्याची तयार कट्यार आणू नका. गावच्या लोहाराला चित्र दाखवा, आठ दिवस द्या, आणि घडवताना पाहायला घरच्या मुलाला धाडा.